डोंग्याची दुरुस्ती आणि सांदवाडीतली जागा : प्रकल्प नोंदी

२७ मार्च

आज डोंगा, म्हणजे आमची लहान लाकडी नाव, तलावातून काढून पाळीवर (तलावाच्या बांधावर) चढवला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावचा हा माजी मालगुजारी (मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव एप्रिल संपता संपता तुडुमाजवळच्या (पाणी सोडण्याच्या तोंडाजवळच्या) खोलगट भागापुरता उरतो, आणि उरलेल्या पाण्यात म्हशी बसू लागल्या की तिथे डोंगा ठेवण्यात अर्थ राहत नाही. ज्या तलावांत बारमाही पाणी असते तिथले लोक उन्हाळ्यात डोंगा दगड घालून पाण्यातच बुडवून ठेवतात. फळ्या ओल्या राहतात, तडकत नाहीत, आणि माझ्या मते त्याहून चांगली साठवण दुसरी नाही. आमच्या तलावात ते शक्य नसल्यामुळे डोंगा दरवर्षी पाळीवरच्या कडुनिंबाखाली सरळ, म्हणजे पोट खाली आणि तोंड वर, अशा स्थितीत पडून असे. यंदा हे थांबवायचे ठरवले आहे.

मापे : लांबी १४ फूट, मध्यावरची रुंदी साडेतीन फूट, खोली १६ इंच. फळ्या सागाच्या, पाऊण इंच जाडीच्या, लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या. हा डोंगा मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, सुताराच्या हाताखाली स्वतः राबून करवून घेतला होता, आणि आता मासेमारी करणाऱ्या ढिमर-ढिवरांच्या वस्तीत इतक्या वर्षांचे लाकडी डोंगे फार उरलेले नाहीत. बहुतेकांकडे फायबरच्या नावा आल्या आहेत. त्या हलक्या असतात आणि त्यांना देखभालही कमी लागते, हे मी मान्य करतो. पण हा डोंगा दुरुस्त होण्याजोगा असताना तो सरपणात जाऊ देणे मला पटत नाही.

२९ मार्च

डोंगा उलटा करून तळ धुतला आणि पेचकसाच्या मुठीने एकेक वीत ठोकत गेलो. निरोगी साग टणत्कारतो, कुजका भाग ठस्स वाजतो. कानाला एकदा सवय झाली की डोळ्यांपेक्षा हीच तपासणी खरी ठरते.

डाव्या बाजूच्या दुसऱ्या फळीला १४ इंच लांबीची तड गेली आहे. माघ महिन्यात पाणी उतरू लागले तेव्हा बुडीत झाडाच्या खुंटावर डोंगा घासला होता, तो आवाज मला अजून आठवतो. तड आरपार आहे, परंतु फळी जागेवरून हललेली नाही. मागच्या टोकाजवळ तळाला एक जुना पत्रा ठोकलेला असून त्याच्या कडेचे लाकूड काळे पडले आहे. शिवाय तळाच्या चार फळ्यांमधल्या तिन्ही फटी उघडू लागल्या आहेत. हे सगळे नुकसान मिळून किरकोळच म्हणावे लागेल. मात्र त्यांपैकी फक्त तड पाण्यात झाली आहे. बाकीचे दोन्ही दोष जमिनीवर, कडुनिंबाखाली झाले आहेत. सरळ ठेवलेल्या डोंग्यात अवकाळी पावसाचे पाणी आणि निंबाचा पाला मागच्या टोकाशी साचून राहत असे, आणि पुढचे अर्धे अंग मात्र उन्हात करपत असे. म्हणजे एकाच डोंग्याचे एक टोक कुजत होते आणि दुसरे वाळत होते.

२ एप्रिल

घरामागच्या सांदवाडीत डोंगा बसेल का, याचे मोजमाप केले. सांदवाडी ९ फूट रुंद आणि २४ फूट लांब आहे. पश्चिमेला शेजाऱ्यांची विटांची भिंत, पूर्वेला आमचे घर, उत्तरेला न्हाणी, दक्षिणेला गाईचा कोठा. तिथे पोचण्याचा मार्ग म्हणजे दोन घरांमधली सांद, जी केवळ ३ फूट २ इंच रुंद आहे, आणि सांद संपताच काटकोनात वळावे लागते.

साडेतीन फूट रुंदीचा डोंगा सरळ नेता येणार नाही, हे उघड आहे. कुशीवर उभा करून नेला तर त्याची जाडी १६ इंच होते आणि सांदेतून तो सहज जातो; प्रश्न वळणाचा आहे. प्रत्यक्ष डोंगा अडकवून बसण्यापेक्षा आधी चाचणी बरी म्हणून १४ फुटांचे दोन बांबू १६ इंचांच्या अंतरावर बांधून एक सांगाडा केला आणि भाच्याला सोबत घेऊन तो वळवून पाहिला. सांगाडा अडकला. कमी पडणारी जागा फार नव्हती, चार बोटे असेल. डोंगा दोन्ही टोकांना निमुळता असल्यामुळे सांगाड्यापेक्षा तो अधिक वळेल हे खरे, पण नुसत्या अंदाजावर चार माणसांना ओझ्याखाली उभे करणे मला योग्य वाटले नाही.

उपाय मोठेबाबांनी सांगितला : "टोक वर उचल न, मंग लांबी कमी होते." हिशेब केला तर ते तंतोतंत खरे आहे. १४ फुटांची वस्तू एका टोकाला चार फूट उचलली की जमिनीवर पडणारी तिची लांबी साधारण सात इंचांनी घटते. तेवढे आपल्याला पुरेसे आहे. अडचण एकच : उचललेले टोक कोठ्याच्या वळचणीला लागते, म्हणून तिथल्या दोन ओळींचे कवेलू (कौले) उतरवून ठेवावे लागतील.

५ एप्रिल

सकाळी सहाला डोंगा घरी आणला. पाळीवरून बैलगाडीने, सांदेच्या तोंडापासून पाच जणांच्या हातांवर. वळणावर पुढचे टोक वर गेले, मागच्या दोघांनी भिंतीलगत पावले सरकवली आणि डोंगा एकदाही न घासता आत आला. कवेलू दुपारी परत बसवले, दोन फुटले.

६ एप्रिल

आज जागेचा निर्णय झाला. वहिनींचे म्हणणे रास्त होते : उन्हाळ्यात याच जागेत वड्या, पापड, सरगुंडे वाळतात, गवऱ्या रचल्या जातात, आणि घरातली माणसे न्हाणीकडे जातात. "भाऊजी, तुमच्या डोंग्याले सावली पायजे अन् माह्या वाळवणाले ऊन," असे त्या म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यात सांदवाडीची वाटणी सापडली. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी ऐन तापाच्या वेळी सावली असते. डोंग्याला जाळणारे ऊन तेच. सकाळपासून दुपारी तीनपर्यंतचे ऊन मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडते, आणि वाळवणाला तेवढे पुरते.

डोंगा भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही. मध्ये एक फूट जागा सोडायची, म्हणजे वारा फिरतो आणि मागची बाजू हाताने तपासता येते. भिंतीपासून एक फूट, डोंग्याचे साडेतीन फूट, उरले साडेचार फूट. तेवढ्यात डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेली बाई आणि कोठ्याकडे जाणारी गाय दोन्ही जातात, हे प्रत्यक्ष चालवून पाहिले. कोठ्याच्या वाशांना डोंगा टांगावा असाही विचार झाला होता. वासे जुने असल्यामुळे तो सोडून दिला.

९ एप्रिल

टेकू म्हणून दोन लाकडी घोडे तयार केले. उंची २० इंच, वरच्या आडव्या लाकडावर जुन्या गोणपाटाची घडी. घोडे डोंग्याच्या अगदी टोकांना लावले तर पोट मध्ये झोल खाते आणि मध्याजवळ लावले तर टोके लोंबतात. म्हणून प्रत्येक टोकापासून तीन फुटांवर लावले आहेत. मागचा घोडा पुढच्यापेक्षा दोन इंच बुटका ठेवला, जेणेकरून पाणी पडले तरी थांबणार नाही. घोड्यांचे पाय मातीत नाहीत, सपाट दगडांवर आहेत, कारण उधई (वाळवी) मातीतूनच चढते. दगड उघडा असला की तिची मातीची नळी लगेच दिसते आणि मोडता येते.

न्हाणीचे पाणी भिंतीलगतच्या नालीतून वाहत होते. ती नाली बुजवून पाणी आळूच्या वाफ्याकडे वळवले. डोंग्याखालची जमीन कोरडी असणे ही या साऱ्या व्यवस्थेची पहिली अट आहे.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. काम केले नाही.

२१ एप्रिल

मागचा पत्रा काढला. पत्र्याखाली डांबरात भिजवलेले कापड होते आणि त्याखालचे लाकूड नखाने उकरता येईल इतके मऊ झाले होते. दहा वर्षांपूर्वी गळती थांबवण्यासाठी हा पत्रा मारला गेला, बाहेरून पाणी येणे थांबले, परंतु आतून मुरणारे पाणी पत्र्याने अडवून धरले आणि लोखंडी खिळ्यांच्या गंजाने भोवतालचे लाकूड काळे करून टाकले. पत्र्याचे ठिगळ हंगाम निभावण्यापुरते ठीक असते. ते मारणाऱ्याने उन्हाळ्यात काढून खालचे पाहिलेच पाहिजे, आणि आम्ही कोणी ते पाहिले नाही.

कुजका भाग ७ इंच लांब आणि ४ इंच रुंद निघाला. पटाशीने तो स्वच्छ, पिवळसर सागापर्यंत कोरला. कडा सरळ उभ्या न ठेवता तिरप्या उतरवल्या. तिरप्या कडेला जोड बसण्यासाठी अधिक जागा मिळते. तिन्ही फटींची रुंदी पट्टीने मोजून ठेवली : सर्वांत मोठी साडेतीन मिलिमीटर.

२८ एप्रिल

सुताराकडून जुन्या सागाचा तुकडा आणला. नवे, ओले लाकूड मुद्दाम घेतले नाही, कारण ते वाळताना आकसते आणि ठिगळ सैल होते. तुकड्याचे रेषे मूळ फळीच्या रेषांना समांतर ठेवले. लाकूड ओलाव्याने फुगते ते आडवे, लांबीत जवळजवळ नाहीच. रेषे आडवे बसवले असते तर फळी एका दिशेने आणि ठिगळ दुसऱ्या दिशेने ओढत राहिले असते. आतून सागाची पट्टी लावून जस्त चढवलेल्या खिळ्यांनी ठिगळ पक्के केले आणि खिळ्यांची टोके पट्टीवर दुमडली. जुन्या गंजलेल्या खिळ्यांची छिद्रे मोठी करून त्यांत सागाच्या खुंट्या ठोकल्या. नवे खिळे त्या छिद्रांत न मारता अंगठाभर बाजूला मारले.

तडीच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडले, म्हणजे ती पुढे धावणार नाही. तिच्या आतल्या बाजूलाही पट्टी बसवली.

४ मे

मोठेबाबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेले आहेत. मी एकट्याने मधली फट भरली. जवसाच्या तेलात भिजवलेला कापसाचा सैल पीळ पटाशीच्या बोथट बाजूने दाबत, वरून मोगरीने ठोकत, तीन पदर बसवले. फट गच्च झाली.

९ मे

चार तारखेचे काम चुकले आहे, आणि ते कसे चुकले हे सविस्तर लिहून ठेवतो.

ऊन वाढल्यामुळे मी सहा तारखेपासून उलट्या डोंग्यावर ओली गोणपाटे टाकू लागलो. आज गोणपाट उचलले तेव्हा मधल्या फटीतला कापूस दोरीसारखा बाहेर फुगून आलेला दिसला. शेजारच्या फळीतल्या दोन खिळ्यांची डोकी वर आली होती आणि तिथे फळी आतल्या आडव्या पट्टीपासून कागदाच्या जाडीइतकी सुटली होती. कारण स्पष्ट आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत साग इतका वाळतो की सात-आठ इंच रुंदीची फळी दोन-तीन मिलिमीटर अरुंद होते. मी त्या पूर्ण वाळलेल्या, सर्वांत रुंद फटीत ठासून कापूस भरला. ओलावा मिळताच फळ्या पुन्हा रुंद होऊ लागल्या, त्यांना सरकायला जागा मिळाली नाही, आणि त्या जोराने कापूस बाहेर ढकलला, खिळे उपसले. हे पाण्यात घडले असते तर फळी पुरती सुटली असती.

मोठेबाबा काल परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी असताना त्यांनी बोटाने फट चाचपली आणि एवढेच विचारले, "इतकी घाई काऊन केली रे?" मग म्हणाले की फट आधी पाण्याने जेवढी मिटते तेवढी मिटू द्यायची, आणि उरते तेवढीच आपण भरायची.

सगळा कापूस उपसून काढला. दोन्ही खिळे नव्या जागी मारले.

१० ते १८ मे

रोज पहाटे आणि सूर्य मावळल्यावर गोणपाटे भिजवली. डोंगा मधल्या काळात सरळ करून आतही ओली पोती पसरली. मोठ्या फटीची मापे : १० मे, तीन मिलिमीटर, १४ मे, अडीच, १८ मे, दोनाहून किंचित कमी. त्यापुढे ती मिटेना.

१९ मे

तिन्ही फटी भरल्या. या वेळी कापसाचे दोनच पदर, आणि मोगरीचा ठोका मनगटाचा, खांद्याचा नाही. पदर फळीच्या पृष्ठभागाच्या तीन मिलिमीटर आत राहील असा दाबला, आणि वरच्या खाचेत लुकण भरले.

लुकणाचे प्रमाण : रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची पांढरी पूड एक किलो, जवसाचे तेल सुमारे २०० मिली. कणकेसारखे मळायचे, आणि हाताला चिकटेनासे होईपर्यंत थोडी थोडी पूड घालायची. जवस आमच्या धानाच्या बांध्यांत उतेऱ्याला (उभ्या धानातच पेरून) होतो, तेल घाणीवरचे घरचेच आहे. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, म्हणून ते लुकणाला चालते. शेंगदाण्याचे स्वयंपाकाचे तेल त्या जागी वापरू नये. एका मित्राने फटींत एम-सील भरण्याचा सल्ला दिला होता. न हलणारे छिद्र बुजवायला ते उत्तमच आहे, आणि ठिगळाच्या एका कोपऱ्यात मी ते वापरलेही. परंतु वर्षातून दोनदा उघडमीट होणाऱ्या फटीत दगडासारखे कडक होणारे काहीही टिकत नाही. तिथे थोडे दबणारे, थोडे ताणणारे द्रव्यच हवे.

एक सावधगिरी आवर्जून नोंदवतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि बोळ्याच्या आत ती कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आमच्याकडे चार पावलांवर तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग आहे. मी चिंध्या कुंपणावर एकेक सुटी पसरून वाळवल्या.

२६ मे

लुकणावर आठवड्यात साय धरली आहे, आतून अजून मऊ आहे. तेवढे पुरे. आज तळाला डांबर दिले. डांबर सांदवाडीत तापवले नाही. गावाबाहेरच्या खळ्यात मंद आचेवर, अर्ध्याच भरलेल्या डब्यात तापवले आणि बाजूला कोरड्या मातीचे घमेले ठेवले. पेटलेल्या डांबरावर पाणी टाकले तर ते उसळून अंगावर येते, म्हणून मातीच हवी. पहाटे पाच ते सातमध्ये पातळ हात फिरवून घेतला. डोंग्याच्या आतून डांबर लावलेले नाही, फक्त जवसाचे तेल दिले. दोन्ही बाजूंनी डांबर फासले की लाकडात शिरलेले पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि जुन्या पत्र्याखाली जे झाले तेच साऱ्या तळाला होईल.

३० मे

डोंग्यावर छप्पर केले. चार बांबू, वर तट्ट्या, त्यावर वीतभर तणस. छप्पर आणि डोंगा यांत दीड फूट अंतर आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री तयार होती, परंतु ती अंगाला लागून राहिली की आत घाम धरते. ती फक्त तणसावर, वाऱ्याच्या पावसापुरती, बांधून ठेवली.

८ जून

मृग लागला. संध्याकाळी वावटळ आणि पावसाची जोरदार सर आली. ताडपत्रीची एक दोरी तुटली, पण डोंग्याला काही झाले नाही. पाणी बुटक्या टोकाकडून निथळून गेले, खालची जमीन मात्र दगडांभोवती ओली झाली. तिथे टोपलीभर मुरूम टाकला. दक्षिणेकडच्या एका दगडावर उधईची नळी चढलेली सापडली; मोडली.

१२ जुलै

तलावात पुरेसे पाणी आले. डोंगा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर काढला. आधी डोंग्यात काठावरच गुडघाभर पाणी भरून पाहण्याचा विचार होता. मोठेबाबांनी तो मोडून काढला : बाहेरून पाण्याचा आधार नसताना आत भरलेल्या पाण्याचे वजन जोडांना उघडते. म्हणून काठालगत उथळ पाण्यात सोडून बांधून ठेवला. पहिल्या दिवशी सकाळ ते संध्याकाळ अकरा डबे पाणी उपसले. डबा पंधरा किलोच्या तेलाचा आहे.

१३ जुलै

चार डबे.

१५ जुलै

अर्ध्या डब्याहून कमी, आणि तेही ठिगळाकडून नाही, तडीकडूनही नाही. पुढच्या टोकाच्या जोडातून थेंब येतात. ती जागा उन्हाळ्यात मी तपासलीच नव्हती. तिथे खडूने खूण केली आहे. मोठेबाबा एका डोळ्याने बघत स्वतः वल्हे घेऊन तुडुमापर्यंत जाऊन आले.

सांदवाडीत घोडे जागेवरच ठेवले असून त्यांवर तट्ट्या टाकून वहिनींनी गवऱ्या रचल्या आहेत, जमिनीच्या ओलीपासून त्या वर राहतात. भिंतीवर डोंग्याच्या दोन्ही टोकांची आणि घोड्यांच्या जागांची चुन्याने खूण केली. मार्चसाठी तीन कामे लिहून ठेवतो : दक्षिणेकडचा घोडा चार बोटे पुढे घ्यायचा, पुढच्या टोकाचा जोड उघडून पाहायचा, आणि कोठ्याच्या वळचणीचे ते दोन ओळींचे कवेलू डोंगा येण्याच्या आदल्या दिवशीच उतरवायचे.